तिच्यादेखत

शंकर नगर, रायपूर
१६ नोव्हेंबर

प्रिय कांताबाई,

माझं नाव शर्मिष्ठा. नावावरून ओळख पटणार नाही, म्हणून खूण सांगते. जूनच्या शेवटी, तुम्ही मुलांना सांभाळायचात त्या संस्थेतून आम्ही नीलिमाला घरी आणलं, त्या दिवशी मुलगा-सुनेबरोबर पांढऱ्या केसांची, पोपटी साडीतली एक बाई होती. फाटकापाशी तुम्ही तिच्याशी मराठीत बोलायला आलात आणि तिनं तुम्हाला हिंदीत उत्तर दिलं. ती मी. तुम्ही ऑगस्टात काम सोडून डोंगरगडला भावाकडे, गुलाबरावांकडे, राहायला गेलात हे मला संस्थेच्या चौकीदारानं सांगितलं, पत्ताही त्यानंच दिला. फोन नंबर देत होता, तो मी घेतला नाही. फोनवर मी मध्येच अडले असते, आणि तुम्ही "जाऊ द्या ना बाई" म्हणून मला मोकळं केलं असतं. तशी सुटका मला नको होती. चौकीदार म्हणाला, "कांता मौसी मराठी पेपर रोज पढ़ती थी, पूरा का पूरा, विज्ञापन भी." ते ऐकून हे पत्र लिहायचा धीर आला.

आधी हे सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. नीलिमा बरी आहे. वजन दोन किलोनं वाढलंय. केस खांद्यापर्यंत आलेत, त्यांच्या दोन वेण्या घालते अपर्णा, माझी सून. सध्या सीताफळाचे दिवस आहेत, त्यामुळे बाईसाहेबांच्या सगळ्या फ्रॉकच्या खिशांत काळ्या बिया असतात आणि धुण्याच्या मशीनमध्ये त्या खडखडतात. आता तिनं बोलायला सुरुवात केली आहे. तुम्ही म्हणाल, ती तर पहिल्यापासून बोलत होती, भांडतसुद्धा होती. तुम्हाला जे ठाऊक होतं ते आम्हाला नव्हतं, हीच या पत्राची सगळी गोष्ट आहे. जसं घडलं तसंच सांगते.

आमच्या घरात आम्ही तिघं. ऋषिकेश नवा रायपूरला सरकारी कचेरीत आहे, अपर्णा बँकेत. लग्नानंतर नऊ वर्षं दवाखाने झाले, मग अडीच वर्षं दत्तकाच्या यादीत नाव लागून वाट पाहिली. शेवटी साडेचार वर्षांची ही मुलगी मिळाली, तेव्हा अपर्णानं चार महिने रजा काढली आणि शाळेत जाणाऱ्या मुलीसारखी वही केली. संस्थेच्या समुपदेशक बाई जे जे सांगत ते ती वहीत लिहून घ्यायची. मुलीशी बोलताना खाली बसा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर या. एका वेळी एकच गोष्ट सांगा. तिला जी भाषा येते त्याच भाषेत सुरुवात करा, घरची भाषा सावकाश येईल. संस्थेच्या कागदावर भाषेच्या रकान्यात हिंदी लिहिलेलं होतं. म्हणून आम्ही ठरवलं की नीलिमाशी हिंदीत बोलायचं आणि मराठी दिवाळीनंतर हळूहळू सुरू करायचं.

आणि आपापसांत मात्र आम्ही मराठीत बोलत राहिलो. तिच्यादेखत.

कांताबाई, रायपूरच्या आम्हा मराठी माणसांची ही जुनी खोड आहे, तुम्हाला वेगळं काय सांगायचं. पंडरी बाजारातल्या दुकानात साड्यांचा ढीग समोर टाकून दुकानदार बसलेला असतो आणि आपण हसत हसत एकमेकींना म्हणतो, "जास्त सांगतोय, ऊठ." भाजीवाला, रिक्षावाला, भाडेकरू, कामाला येणारी दुलारी, सगळ्यांसमोर आपल्याला एक आडोसा असतो. मला तर ही सवय शाळेपासूनची. कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोलायची बंदी होती, पण केरळहून आलेल्या सिस्टरना मराठी कळत नसे. मी आणि माझी मैत्रीण प्रार्थनेच्या रांगेत हात जोडून, चेहऱ्यावर मंद हसू ठेवून, त्यांच्या तोंडावर त्यांच्याबद्दल काय वाटेल ते बोलायचो. चेहरा गोड ठेवायचा आणि शब्द कसेही, ही विद्या मी तिथे शिकले. मला त्या आठवणीचं आजवर कौतुकच वाटत होतं. नातेवाइकांत ती गोष्ट मी किती वेळा रंगवून सांगितली असेन.

तर नीलिमा बोलत नव्हती. एक अक्षरही नाही. हिंदीत विचारलं की मान हलवायची, हो किंवा नाही, तेवढंच. रडायचीही नाही. पडली, गुडघा फुटला, तरी आमच्याकडे न बघता धूळ झटकून उभी राहायची. कानांची तपासणी केली, कान उत्तम. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. अपर्णा दिवसभर तिच्यामागे, "बेटा, ये देखो चिड़िया. चिड़िया बोलो." नीलिमा चिमणीकडे बघायची, अपर्णाकडे बघायची, गप्प.

पण मधूनमधून काही तरी चमत्कार होत होते. मी त्यांना चमत्कारच म्हणत होते. जुलैत एकदा तिच्या गादीखाली पोळ्यांचे तुकडे सापडले, मुंग्यांची रांग लागलेली. संध्याकाळी चहा पिताना मी अपर्णाला सांगितलं, "अगं, पोळ्या लपवते ही. घरभर मुंग्या होतील." नीलिमा शेजारीच ठोकळे रचत होती. दुसऱ्या दिवसापासून गादीखाली काही सापडलं नाही, आजतागायत नाही. मी म्हटलं, बघ, पोट भरल्याची खात्री पटली तिला. मग ती पलंगाखाली, फरशीवर झोपायची. ऋषिकेश एकदा जेवताना म्हणाला, "अजून खालीच झोपते, काय करावं कळत नाही." त्या रात्रीपासून ती पलंगावर झोपू लागली. अगदी कडेला, हातपाय सरळ ठेवून, चादरीला सुरकुती पडू न देता. आणि ऑगस्टात अपर्णा स्वयंपाकघरात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, "आई, दीड महिना झाला हो, एकदासुद्धा माझं बोट धरलं नाही तिनं." नीलिमा दारात उभी होती. मी तिच्याकडे बघून हसले आणि हिंदीत म्हणाले, "मम्मी को सर्दी हुई है बेटा." दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत निघताना ती आपणहून आली आणि तिनं अपर्णाच्या हातात हात दिला. अपर्णा म्हणाली, हात ताठ होता, शाळेत नखं दाखवायला पुढे करतात तसा. पण त्या दिवशी तिचे पाय जमिनीवर नव्हते. मी पुरानी बस्तीत जाऊन महामाया देवीला नारळ फोडला.

आता कळतं ते असं. आम्ही प्रत्येक तक्रार बोलून दाखवत होतो आणि एक साडेचार वर्षांची मुलगी ती ऐकून, रात्रभर मनात धरून, दुसऱ्या दिवशी स्वतःला तेवढी दुरुस्त करून आमच्यासमोर येत होती. मी एवढी शिकलेली बाई, संसार केला, नवऱ्याचं आजारपण काढलं, आणि या वयात कुणी माझ्या बोलण्यातली एक चूक दाखवली तर आठवडाभर फुगून बसते.

सप्टेंबर वाईट गेला. अपर्णाला डेंग्यू झाला, ऋषिकेशच्या कचेरीत ऑडिट चालू होतं, घर माझ्यावर पडलं. नीलिमा गप्पच. पुढच्या आठवड्यात संस्थेच्या बाई पाहणीला येणार होत्या आणि त्यांच्या अहवालावर कलेक्टर कचेरीतला शेवटचा हुकूम निघायचा होता. त्या रात्री जेवताना मी नीलिमाच्या ताटात भात वाढला, "और लोगी बेटा?" असं विचारलं, आणि त्याच दमात, त्याच सुरात, चेहऱ्यावर तेच हसू ठेवून ऋषिकेशला म्हणाले, "मला वाटतं हे जमायचं नाही. ही आपल्यात रमत नाही आणि अपर्णा खंगत चाललीय. कागद अजून पक्के झालेले नाहीत. त्या बाई येतील तेव्हा विचारून बघ, परत नेतात म्हणे." ऋषिकेश खाली बघून जेवत राहिला. त्यानं नाही म्हटलं नाही. नीलिमानं ताटातलं शेवटचं शीत टिपून खाल्लं आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. ते ताट उचलणंही तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

सकाळी दुलारीला दार उघडायला गेले तर कडी काढलेली आणि नीलिमा पायरीवर बसलेली. तुमच्याकडून येताना अंगात होता तोच निळा फ्रॉक, आता काखेत दाटत होता. पायात तुमच्याकडच्याच चपला. शेजारी तिची पिशवी. आत जाऊन पाहिलं तर पलंगावर आम्ही घेतलेले सगळे कपडे घडी करून ठेवले होते, वर बाहुली, बाहुलीच्या बाजूला नवे बूट, जोडीनं. आमचं आम्हाला परत देऊन, केस पाण्यानं चापून, ती फाटकाकडे तोंड करून बसली होती. डोळे कोरडे. मी विचारलं, "कहाँ जाना है बेटा?" ती फाटकाकडेच बघत राहिली. दुलारीनं छत्तीसगढीत काय झालं ते विचारलं, "का होगे नोनी?" तरी नजर फाटकावरच. मग माझ्याच तोंडून, कुणाला उद्देशून नव्हे, मराठीत निघून गेलं, "अगंबाई, हिला कुणी सांगितलं?"

तिनं मान वर केली आणि म्हणाली, "तूनच त सांगतलं, आजी. काल जेवताना."

कांताबाई, मी तिथेच, पायरीवर, तिच्या शेजारी बसले. आवाज केवढा स्वच्छ तिचा, जराही अडखळ नाही. आणि आवाजात राग नाही, तक्रार नाही. मी काही विसरले असेन तर आठवण करून द्यावी, एवढंच. तिनं मला आजी म्हटलं तेही पहिल्यांदाच. मी विचारलं, "तुला मराठी येतं?" ती म्हणाली, "हव." मी म्हटलं, "मग इतके दिवस बोलली का नाहीस गं?" ती म्हणाली, "तुमी माह्याशी नाही बोलले. तुमी तुमच्यातच बोलत होते."

नंतर मी फार विचार केला यावर. आमच्या घरात दोन भाषा होत्या. हिंदीत ती आमची रानी बिटिया होती आणि मराठीत ती मुंग्या आणणारी, न रमणारी, परत देण्याजोगी मुलगी होती. खरं कोणत्या भाषेत बोललं जातं हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. मग हिंदीला तिनं उत्तर द्यायचं कशाला, आणि मराठीत उत्तर द्यायला तिला बोलावलं कुणी होतं? वर त्या मराठीत आयुष्यभर तिच्याशी फक्त मायेनंच बोललं गेलं होतं. तुमच्या मांडीवर शिकलेली, तुमच्या तोंडची भाषा होती ती. त्याच भाषेत आम्ही तिला नको म्हणत होतो, आणि ती पानावर बसून मुकाट जेवत होती.

त्या दिवशी फाटकाशी तुम्ही मला म्हणालात, "बाई, पोरीबद्दल एक सांगाचं होतं." एवढंच ऐकलं मी. तुमची ती साडी, तो सूर, आणि माझी जीभ आपोआप वळली, "हाँ हाँ, ठीक है, हम देख लेंगे." तुम्ही मागे सरलात. पुढे एक शब्दही बोलला नाहीत. मी मराठी घरातली आहे हे तुम्हाला माहीत होतं, तुम्ही मराठी आहात हे मला ऐकू आलं होतं, तरी मी दार लावून घेतलं. ते एक वाक्य मी ऐकून घेतलं असतं तर हे तीन महिने नीलिमाच्या वाट्याला आले नसते. आणि वर तुम्हाला भेटायला येऊ नका असा निरोपही मीच संस्थेकडे दिला होता, मुलीनं लवकर विसरावं म्हणून. या दोन्ही गोष्टींसाठी मी तुमची माफी मागते. बरोबरीच्या माणसाची मागतात तशी.

ऋषिकेशला आणि अपर्णाला मी सगळं सांगितलं. ऋषिकेश बराच वेळ अंगणात उभा राहिला, मग आत येऊन नीलिमासमोर बसला आणि म्हणाला, "मी काल नाही म्हणायला पाहिजे होतं. मी आता म्हणतो. नाही." अपर्णा तापातून उठलेली, भिंतीला धरून आली. तिची एक गोष्ट सांगते. ती नागपूरजवळची. लग्न होऊन आली तेव्हा मले-तुले करायची आणि मी तिला हसून, गोड चेहऱ्यानं, सुधारत गेले. दोन वर्षांत तिची बोली मी पुसून टाकली. ती अपर्णा त्या दिवशी फरशीवर मांडी घालून बसली आणि तिच्या आईघरच्या बोलीत म्हणाली, "काहून वो पोट्टे, मले सोडून कुठं चालली होती तू?" नीलिमा तिच्याकडे बघतच राहिली. पहिल्यांदा बघत असल्यासारखी. मग हळूच विचारलं, "तू अशी बोलतं?" अपर्णा म्हणाली, "मंग! माही आजी त याहून खराब बोले." आणि नीलिमा हसली, कांताबाई. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत. हे हसणं तुम्ही शेकडो वेळा पाहिलं असेल. आम्ही तिघं चातकासारखे बघत होतो.

तेव्हापासून घरात एकच नियम आहे. तिच्याबद्दल जे बोलायचं ते तिच्याशी बोलायचं. पहिल्या आठवड्यात तर अपर्णानं जुन्या सगळ्या तक्रारी एकेक करून तिच्यासमोर बोलून दाखवल्या आणि प्रत्येकीवर तिचं म्हणणं विचारलं. पोळ्या का लपवल्या? तर म्हणे, एक माझी होती, एक संस्थेतल्या लहान पोरीसाठी, ती आली तर. पलंगावर का नव्हतीस झोपत? तर म्हणे, पलंगावर मोठे झोपतात. आम्ही घाबरट, हट्टी, मंद असली जी जी नावं ठेवली होती, त्या प्रत्येकाच्या मागे असं काही तरी सरळ, शहाणं कारण निघालं. मी हातातलं काम टाकून ऐकत बसायची. एवढ्याशा डोक्यात एवढी व्यवस्था, आणि कुणाबद्दलही कडवटपणा नाही. ही व्यवस्था कुणी लावून दिली हे मला माहीत आहे. अंगाई कोणती म्हणू विचारलं तर ती तुमच्याच चालीवर मला शिकवते. चूक झाली की डोळे मिटूनच म्हणते, "तसं नाही वो." अठ्ठावीस पोरांच्या खोलीत एका बाईनं एका मुलीला अख्खी भाषा दिली, रुसायची, विचारायची, थट्टा करायची. मी हातात चार पुस्तकं, वही आणि समुपदेशक घेऊन तीन महिन्यांत एक शब्द देऊ शकले नाही.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. ती आता बोलते, मागून घेते, परवा अपर्णाशी चक्क भांडली. पण अपर्णाला आई म्हणत नाही. कशीच हाक मारत नाही, जवळ येऊन पदर ओढते. संस्थेच्या बाई येऊन गेल्या, अहवाल चांगला गेला, येत्या पंचवीस तारखेला कलेक्टर कचेरीत आम्हाला बोलावलंय. काल अपर्णानं तिला समजावून सांगितलं की तिथे साहेब विचारतील, इथे राहायचं का? तू काय सांगशील? नीलिमा म्हणाली, "मले नाही माहीत. मावशीले इचारा लागंल."

मग तिच्याकडून हळूहळू कळलं. आणायच्या आदल्या दिवशी तुम्ही तिला मांडीवर घेऊन म्हणाला होतात, "मराठी घर हाय. तुह्याशी बोलतीन थे लोक. चिंता करू नको." ती इथे आली आणि ते खरं निघालं नाही. आमच्यावर तिचा राग नाही, आम्ही तिला परकेच होतो. पण तुम्ही तिला खोटं सांगितलं की काय, हा प्रश्न घेऊन ती पाच महिने बसली आहे, आणि त्याचं उत्तर मला देता येत नाही, अपर्णाला नाही, साहेबांना तर नाहीच. तुम्ही खरं सांगितलं होतंत, आम्ही ते खोटं पाडलं, हे मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशीले लिही." म्हणून हे पत्र. पंचवीसच्या आत इकडे या, चार दिवस राहा, आमच्यात बसा, आम्ही तिच्याशी कसे बोलतो ते आपल्या कानांनी ऐका. ऐकून जे वाटेल ते तिला सांगा. तुम्ही "राह्य" म्हणालात तर ती राहील. नको म्हणालात, तर काय करायचं तेही आम्हाला तुम्हीच सांगा, आम्ही शिकू. खालच्या दोन ओळी तिच्या आहेत, मी फक्त लिहून घेतल्या. उत्तर मला नको, तिच्या नावानं पाठवा.

"मावशे, आता माह्याशी बोलतात थे. तिघंही बोलतात. मी राहू काय?"

तुमचीच,
शर्मिष्ठा